दीडपटीचं गणित

जूनच्या पहिल्या आठवड्यात आमच्या शाळेच्या पाण्याच्या टाकीवर कोणी माणूस हातात घड्याळ घेऊन बसलेला दिसला, तर शिपाई घाबरत नाहीत. ते रायकर सर असतात. त्यांचं सत्राचं नियोजन चाललेलं असतं.

गणितात एक नळ टाकी चार तासांत भरतो आणि दुसरा ती सहा तासांत रिकामी करतो. तुम्ही-आम्ही हे गणित मुकाट्याने सोडवलं. रायकर सरांनी विचारलं, "दुसरा नळ उघडा कोणी ठेवला? आणि दिसतोय तर बंद का करत नाहीत?" पुण्यात राहणारा माणूस पाणी असं वाहू देईल हे त्यांना पटेना. शेवटी त्यांनी स्वतः वर चढून शाळेच्या टाकीची वेळ मोजली. तीन तास सदतीस मिनिटं. त्या वर्षी आठवीची मुलं अपूर्णांक सोडवून रडकुंडीला आली. पालक भांडायला आले, तेव्हा सर म्हणाले, "टाकीला सांगा."

मी याच शाळेत मराठी शिकवते. एकोणीस वर्षं आमची टेबलं शेजारी आहेत. माझ्या विषयाबद्दल सरांचं मत फारसं बरं नाही. "तुमचं काय मॅडम, तुमच्याकडे चंद्रसुद्धा बोलतो. मला खोटं गणित देता येत नाही."

खोटं गणित म्हणजे ज्याचा पडताळा घेतलेला नाही ते. 'पडताळा घेतला का?' हा त्यांचा लाडका प्रश्न. तो ते मुलांना विचारतात, डब्यातल्या भाजीत मीठ कमी आहे म्हणणाऱ्यालाही विचारतात. 'एक बस ताशी चाळीस किलोमीटर वेगाने जाते' हे वाक्य वाचून ते एका शनिवारी कात्रजहून हिंजवडीला बसने गेले. बावीस किलोमीटर, दोन तास. तेव्हापासून सरांच्या गणितातली बस ताशी अकराने जाते. त्याच फेरीत त्यांनी ऋण संख्याही उरकल्या. पुण्यात पारा शून्याखाली जात नाही, म्हणून ते एका माजी विद्यार्थ्याच्या कंपनीत लिफ्टमधून उणे दोन ते अधिक सात असे अकरा वेळा वरखाली करत राहिले. वॉचमनने खाली उतरवलं तेव्हा म्हणाले, "थांबा हो, बेरीज अर्धी राहिलीय."

सगळ्यात मोठा उपद्व्याप वयांच्या गणितांचा. वडिलांचं वय मुलाच्या तिप्पट वगैरे. सर दर जूनला स्टाफरूमभर हिंडून विचारतात, "घरात कोण किती वर्षांचं?" मग ज्यांचं जमतं त्यांना वर्गात यावं लागतं. मुलांनी समीकरण सोडवायचं, आणि उत्तर दारातून आत चालत यायचं. हा पडताळा. आमचे शिपाई काका आणि त्यांची मुलगी असे दोनदा उत्तर म्हणून उभे राहिले आहेत.

एकदा मी विचारलं, "सर, तुमचं वय कधी गणितात येत नाही ते?"

"वयाच्या गणिताला दोन माणसं लागतात मॅडम," असं म्हणून ते वह्या तपासायला लागले. सर धायरीला एकटेच राहतात.

माझ्या आईवर त्यांचा फार वर्षांपासून डोळा होता. "तुमचं दीडपट जमतंय. तुम्ही चोपन्नच्या व्हाल तेव्हा काकू एक्क्याऐंशीच्या. फक्त थांबायला हवं." मग पडताळ्यासाठी ते दर जूनमध्ये आमच्या घरी यायचे. आई त्यांना मास्तर म्हणायची. पहिल्याच भेटीत आईने शाळेचा दाखला काढून दिला. जन्मतारीख एक जून.

"आमच्या हेडमास्तरांनी सगळ्यांनाच एक जून दिला होता," आई म्हणाली.

"अख्खा वर्ग एका दिवशी जन्मला?"

"गावात सुईण एकच होती मास्तर. एवढी चपळ नव्हती ती."

सर हसले नाहीत. त्यांना घाम फुटला होता. मग आईने आठवून सांगितलं की ती जन्मली तेव्हा अंगणात गाय-वासराची पूजा चालली होती. म्हणजे वसुबारस. सरांनी कुठूनसं त्या वर्षीचं पंचांग मिळवलं, पडताळलं, आणि निकाल दिला. दाखल्यावरचं वर्ष बरोबर, महिना खोटा. काकू दिवाळीत जन्मल्या.

गेल्या वर्षी अखेर दीडपट जुळून आली. ऑगस्टमध्ये मी चोपन्न पुरी केली. वसुबारसेला आई एक्क्याऐंशी पुरी करणार होती. सरांनी नियोजनाच्या वहीत सगळं पहिलं सत्र संख्यांना दिलं आणि समीकरणं उचलून दिवाळीच्या सुट्टीनंतर टाकली. 'शैक्षणिक साहित्य' या रकान्यात लिहिलं, 'साठे मॅडम व त्यांच्या मातोश्री'.

आमच्या मुख्याध्यापिका प्रधान मॅडम नव्या आहेत, वयाने लहान आहेत, पण हिरव्या पेनाने सही करतात. त्यांनी वही उलटसुलट करून पाहिली.

"सर, समीकरणं सप्टेंबरमध्ये आहेत. घटक चाचणीत येतात."

"सप्टेंबरमध्ये हे गणित खोटं आहे."

"दाखल्यावर एक जून आहे ना? मग झाल्या की एक्क्याऐंशीच्या. घेऊन टाका."

"दाखला खोटा आहे."

"सर, एका गणितासाठी?"

"दुसऱ्या कोणाची आई आहे का दीडपट? असली तर सांगा."

तीन दिवस हे चाललं. शेवटी प्रधान मॅडमनी चाचणीचा अभ्यासक्रम बदलून दिला आणि वहीवर सही केली. "आपल्यापुढे हात टेकले," असं त्या म्हणाल्या. सरांना ती दाद वाटली.

इकडे आईची तयारी सुरू झाली. आई सातवीपर्यंत शिकलेली. पुढची शाळा पाच कोसांवर होती, म्हणून तिची शाळा सुटली. आठवीचा वर्ग तिने आतून कधी पाहिलाच नव्हता. आता तिला आठवी ब मध्ये जायचं होतं, तेही उत्तर म्हणून. तिने मोतिया रंगाची साडी काढून ठेवली, फॉल बदलून घेतला, आणि मला चारदा विचारलं, "बाकावर बसायचं की खुर्ची देतात गं?" मी म्हटलं खुर्ची देतील. ती म्हणाली, "नको, बाक सांग मास्तरांना."

ऑक्टोबरमध्ये एका दुपारी चहाची वाट बघता बघता आई गेली. त्रास काही नाही, आजार काही नाही. सर भेटायला आले, खुर्चीच्या कडेवर बसले. निघताना दारात चपला घालताना म्हणाले, "वसुबारसेला सोळाच दिवस होते." मला तेव्हा त्यांचा राग आला. आई गेली आणि हा माणूस दिवस मोजतोय, असं वाटलं.

दिवाळीनंतर शाळा उघडली. नोव्हेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात सर माझ्या टेबलाशी येऊन उभे राहिले. "चौथ्या तासाला मोकळ्या आहात ना? पडताळ्याला या."

"सर, आता कसला पडताळा?"

"नियोजनात आहे," ते म्हणाले.

मी गेले. फळ्यावर गणित होतं. 'साठे मॅडमच्या आई त्यांच्यापेक्षा २७ वर्षांनी मोठ्या. आईंचे वय मॅडमच्या वयाच्या दीडपट. तर दोघींची वये किती?' मुलं ओरडली, चोपन्न आणि एक्क्याऐंशी. मी उभी राहिले. पुढच्या बाकावर एकच जागा रिकामी ठेवली होती, स्वच्छ पुसून. मग मधल्या ओळीतल्या एका मुलीने हळूच विचारलं, "सर, आजींचा पडताळा?"

सरांनी खिशातून आईच्या दाखल्याची झेरॉक्स काढली. "जन्मतारीख एक जून. शाळेचा दाखला आहे. खोटा कसा असेल?" आणि फळ्यावर ८१ च्या खाली दोन रेघा मारल्या.

तास संपल्यावर व्हरांड्यात ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "सप्टेंबरमध्ये घेतलं असतं तर आल्या असत्या हो त्या. दाखला होता. सगळे सांगत होते. मलाच मेल्याला खरं हवं होतं." आणि एकोणीस वर्षांत पहिल्यांदा मी रायकर सरांना रडताना पाहिलं. मीही रडले. राग केव्हाच गेला होता.

महिनाअखेरीला नियोजनाची वही सह्या होऊन परत येताना माझ्या टेबलावर आली, तेव्हा मी ते पान उघडलं. शेऱ्याच्या रकान्यात सरांच्या नेटक्या अक्षरात लिहिलं होतं, 'पडताळा झाला. काकू वर्गात उपस्थित होत्या. बाकावर बसल्या.' त्या वहीत एवढंच एक खोटं आहे. त्याखाली प्रधान मॅडमची हिरवी सही होती.