वाटाड्याची सुधारित आवृत्ती

वाटाड्या हा विषय आमच्या कंपनीत गेल्या तीन आवृत्त्यांपासून प्रलंबित होता. आम्ही टेबलाभोवती बसून फाशांवर खेळायच्या एका खेळाची पुस्तकं छापतो. एक सूत्रधार काल्पनिक जगाची गोष्ट सांगतो, बाकीचे योद्धा, मांत्रिक, चोर असा एकेक पेशा घेऊन त्या गोष्टीत शिरतात आणि राक्षसांचा मार खातात. चौथा पेशा वाटाड्याचा. रानात वाट काढणं, माग ओळखणं आणि पाळलेल्या लांडग्याशी बोलणं ही त्याची कामं. खेळाडूंच्या पाहणीत तो नावडत्या पेशांमध्ये पहिला आला, तेव्हा त्याच्या सुधारणेसाठी समिती नेमण्यात आली. समितीत मोठे सर, जाहिरात विभागाच्या बाई, पेशांचा समतोल मोजणारे एक गृहस्थ (त्यांना सगळे तराजू म्हणत) आणि नियम लिहायला मी.

ही बातमी मी थोरल्या बहिणीला सांगितली आणि फसलो. ताई दर रविवारी आपल्या घरी हा खेळ मांडते आणि दर वेळी वाटाड्याच होते. एरवी ती इस्पितळाच्या तळघरात एक्स-रे काढते. तिथे खिडकी नाही.

"त्याला हात लावलास तर याद राख," ताई म्हणाली. "आठवडाभर लोकांच्या बरगड्या बघते मी. रविवारी तेवढं एक झाड दिसतं."

"अगं, मी आहे ना समितीत. तुझा वाटाड्या कुठे जात नाही."

"शब्द दे."

दिला.

समितीच्या बैठका ज्या खोलीत होत, तिच्या एका भिंतीवर वातावरणनिर्मितीसाठी जंगलाचं भलंमोठं चित्र चिकटवलं होतं. त्याच्यावर प्रोजेक्टरचा पडदा सोडलेला असे.

"वाटाड्या कधीच वाट चुकत नाही," तराजूंनी सुरुवात केली. "बाकीचे चुकतात. हा उघड अन्याय आहे."

"मग त्यालाही चुकू द्या," सर म्हणाले.

"त्याने तो दुखावेल. त्यापेक्षा कोणीच चुकू नये."

त्यानुसार वाट सापडणे ही सर्वसाधारण सुविधा म्हणून सर्व पेशांना बहाल करण्यात आली. माग ओळखण्याचंही तेच झालं. मग वाटाड्याने करायचं काय, असं मी विचारलं.

"इतरांबरोबर चालायचं," बाई म्हणाल्या. "संघभावना महत्त्वाची असते हो."

नंतर लांडगा आला. लांडगा मेला की खेळाडू रडतात, आणि रडलेला खेळाडू पुढचं पुस्तक घेत नाही, असं बाईंचं निरीक्षण होतं. म्हणून लांडग्याला अमर करण्यात आलं. चाचणीच्या गटांनी त्या अमर लांडग्याला प्रत्येक दारातून पुढे ढकललं आणि स्वतः बाहेर चहा पीत बसले. तेव्हा लांडग्याने लढू नये, चावू नये, दारातून आत जाऊ नये, असं पोटकलम घालावं लागलं. शेपूट हलवायची मुभा ठेवली. असून अडचण नसून खोळंबा म्हणतात तसं ते जनावर होऊन बसलं. चित्रातले त्याचे दातही काढायला सांगितले, तेव्हा चित्रकाराने "मग सशाचंच चित्र काढू का?" असं विचारलं. सरांनी ही सूचना विचारार्थ ठेवून घेतली.

पुढच्या चाचणीत एक नवीच गोष्ट लक्षात आली. जंगलात कोणी चुकत नाही, काही चावत नाही, त्यामुळे तिथे काही घडतच नाही. सूत्रधार नुसतं म्हणतो, "तुम्ही जंगल पार केलंत," आणि सगळे किल्ल्याच्या दारात हजर.

"जिथे काही घडत नाही ते छापायचं कशाला?" सर म्हणाले. जंगल वगळण्यात आलं.

आता वाटाड्या रानाविना उरला. त्याची नैसर्गिक ओळख जपण्यासाठी तराजूंनी तोडगा काढला: झाडाच्या कुंडीपासून हातभर अंतरात असताना त्याला फाशावर एक गुण जादा. पण किल्ल्यात कुंडी असेलच याची हमी काय? म्हणून वाटाड्याने स्वतःची कुंडी बाळगावी. कुंडी दोन्ही हातांत धरावी लागते, सबब धनुष्यबाण रद्द.

"पण पेशा राहतोय ना?" मी घाबरत विचारलं.

"नाव राहणारच," बाई म्हणाल्या. "जुन्या खेळाडूंची माया असते नावावर."

मला हायसं वाटलं. ताईला दिलेला शब्द पाळला गेला होता.

रविवारी मी सुधारित पुस्तक घेऊन ताईकडे गेलो. तिने नवे नियम वाचले, बाल्कनीतून एक खरी कुंडी उचलून आणली आणि ती मांडीवर घेऊन बसली. तिची मैत्रीण, दातांची डॉक्टर, सूत्रधार होती. दाजी योद्धा झाले होते.

"तुम्ही जंगल पार केलंत," डॉक्टरबाईंनी वाचलं. "समोर किल्ल्याचं दार आहे."

"थांब गं. जंगलात काय होतं?"

डॉक्टरबाईंनी पानं पुढेमागे केली. "काही दिलेलं नाही. पार झालं ना ते."

"मला पार करायचं नव्हतं," ताई म्हणाली. "मला तिथे जायचं होतं."

"अगं, दार उघडू दे की आधी," दाजी म्हणाले. त्यांचे फासे केव्हाचे हातात वाजत होते.

ताईने कुंडी टेबलावर ठेवली आणि ती आत निघून गेली. माझ्याकडे तिने पाहिलंसुद्धा नाही. दार उघडलं, राक्षस निघाले, खेळ रंगला, आणि ती बाहेर आली नाही हे बराच वेळ कोणाच्या ध्यानात आलं नाही. मला फार वाईट वाटलं. अजून वाटतं.

निदान कागदावर तरी तिला तिचं रान परत द्यावं म्हणून मी ही हकिगत लिहायला घेतली. ताईने कुंडी टेबलावर ठेवली त्या वाक्याच्या आधी एक अख्खं पान जंगल होतं. पायाखालचा ओला पाला होता, न दिसणारा झरा होता, कुठेच न पोहोचणारी एक पायवाट होती. सवयीप्रमाणे मजकूर आधी चार वाचकांना चाचणीसाठी दिला. चौघांनी ते पान सोडून पुढचं वाचलं. एकाने तर समासात लिहिलं, 'राक्षस लवकर आणा.'

मग मी ते पान काढून टाकलं. तुम्ही इथवर आलात, आणि तिथे काही कमी आहे असं तुम्हालाही वाटलं नाही. अभिनंदन. तुम्ही जंगल पार केलंत.