विहिरीतले सात हात

"मिळाला बरं का तुमचा सिनेमा!" रेकॉर्ड सांभाळणाऱ्या बाईंनी शनिवारी डब्याच्या वेळी जाहीर केलं, आणि पंचनाम्यांचा घास तोंडाशीच थांबला.

पंचनामे हे काही त्यांचं आडनाव नव्हे. खरं आडनाव हजेरीपुस्तकात होतं आणि तिथंच पडून असायचं. विमा कंपनीच्या त्या शाखेत नुकसानीची पाहणी करणं हे त्यांचं काम. गाडी ठोकली, दुकान जळलं, छप्पर उडालं, की पंचनामे टेप आणि वही घेऊन हजर. समोरचा गळा काढून सांगायचा, "साहेब, सगळं गेलं हो!" त्यावर ह्यांचा एकच प्रश्न, "पाहिलंत की ऐकलंत?" एवढ्यावर भल्याभल्यांची बोबडी वळायची. अठरा वर्षांत त्यांच्या एकाही अहवालाची फेरपाहणी झाली नव्हती. याचा त्यांना अभिमान होता, पण ते तो बोलून दाखवत नसत. फक्त दर दोन दिवसांनी एकदा आठवण करून देत.

आता असा माणूस 'मी पाहिलंय' म्हणाला की विषय संपला. आणि लहानपणी पाहिलेला 'बंद दाराची किंकाळी' हा भुताचा सिनेमा तर त्यांनी डब्याच्या वेळी इतक्यांदा सांगितला होता की ऑफिसच्या ड्रायव्हरला तो पाठ झाला होता. मामाने भाड्याने आणलेली व्हिडिओ कॅसेट, खिडक्यांवर ठोकलेल्या चादरी, दहा बाय बाराच्या खोलीत कोंबलेली वीस-बावीस पोरं, आणि दुपारी तीन वाजता केलेला मिट्ट काळोख. "आणि मग ती विहीर येते," म्हणत पंचनामे आवाज खाली आणायचे. "आतून एक हात वर येतो. मग दुसरा. मग तिसरा. असे सात! आणि सातही डावे!"

'सातही डावे' म्हटलं की रेकॉर्डवाल्या बाई दर वेळी डब्याचं झाकण लावून टाकायच्या.

"हल्लीच्या सिनेमांत तो दम नाही," पंचनामे शेवटी सुस्कारा टाकायचे. "तेव्हा त्यांच्याकडे सामान नव्हतं, सेट नव्हते, धड नट नव्हते. पण भीती अस्सल होती हो!"

रेकॉर्डवाल्या बाईंनी आजवर कितीतरी हरवलेल्या फायली शोधून काढल्या होत्या, त्यांना सिनेमाची काय कथा! इंटरनेटच्या कुठल्याशा कोपऱ्यात त्यांना तो सापडला. शनिवारी ऑफिस अर्धा दिवस. मॅनेजर साहेबसुद्धा म्हणाले, "बघूनच जाऊ या." ड्रायव्हरने अपघातातल्या गाड्या झाकायची ताडपत्री आणून मीटिंगच्या खोलीच्या खिडक्यांवर बांधली, आणि पंचनामे पहिल्या रांगेत मधोमध बसले.

"ज्यांना हृदयाचा त्रास आहे त्यांनी दाराजवळ बसा," त्यांनी मागे वळून बजावलं.

सिनेमा सुरू झाला. पहिल्या पाच मिनिटांत एक वटवाघूळ उडालं. ते ज्या दोरीला बांधलं होतं ती दोरी त्याच्यापेक्षा जाड होती. मग भूत आलं. पांढरी चादर, विस्कटलेले केस. ते जिन्यावरून उतरताना केसांचा टोप डोळ्यांवर घसरला, तर भुताने थांबून तो नीट केला आणि मग ते किंचाळलं. कपाटातून सांगाडा पडला, त्याच्या बरगडीला कुठल्यातरी शाळेच्या प्रयोगशाळेची चिठ्ठी तशीच लटकत होती. मेलेला नोकर चांगला श्वास घेत होता, आणि एकदा तर त्याने पाय खाजवला.

मागून आधी खुसखुस ऐकू आली, मग फिदीफिदी, आणि सांगाड्याच्या वेळी तर ड्रायव्हर खुर्चीवरून घसरलाच.

"अहो साहेब, हृदयाचं काही नाही, पण माझं पोट दुखायला लागलं!"

पंचनाम्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांच्या आठवणीतला सिनेमा हा नव्हताच. त्यांच्या सिनेमात जिन्यावर रक्ताचे पाऊलठसे उमटायचे, आरशातली बाई मान उलटी फिरवायची. इथे आरसाच नव्हता.

"थांबवा, थांबवा!" ते उठून उभे राहिले. "ही कापलेली प्रत आहे!"

"पावणेदोन तास भरतोय की," रेकॉर्डवाल्या बाई म्हणाल्या. त्या असल्या बाबतीत फार निष्ठुर होत्या.

"मग दुसराच सिनेमा आहे!"

"नाव तेच, साल तेच. तुम्हीच सांगितलेलं. मी लिहून घेतलं होतं."

मॅनेजर साहेब हसत होते खरे, पण आता जरा सावरून बसले. "काय हो पंचनामे, तुम्ही हा नक्की पाहिला होतात ना? नाही, सोमवारी मला त्या वखारीवर सही करायचीय, म्हणून विचारतो."

सगळे पुन्हा हसले, पंचनामे सोडून. लाकडाच्या वखारीला आग लागली होती. मालक म्हणत होता, वखार गच्च भरलेली होती. पंचनाम्यांनी तीन दिवस राख चाळली, उरलेले खिळे मोजले, आणि लिहिलं की निम्मी वखार आगीच्या आधीच रिकामी झाली होती. मालकाने आकांडतांडव करून फेरपाहणी मागितली होती, आणि मॅनेजर साहेब म्हणाले होते, 'आमच्या माणसाने पाहिलंय, झालं तर मग.' तेच साहेब आता गमतीत का होईना, पण विचारत होते. अठरा वर्षांची अब्रू एका टोप घसरलेल्या भुताच्या हातात गेली होती.

"साक्षीदार आहे माझ्याकडे!" पंचनामे ताडकन म्हणाले. "माझी ताई. आम्ही दोघांनी एकत्र पाहिलाय. आत्ता फोन लावतो, तुमच्यासमोर!"

फोन लागला. पंचनाम्यांनी तो सगळ्यांना ऐकू जाईल असा टेबलावर ठेवला.

"ताई, 'किंकाळी'मधली विहीर आठवते ना गं?"

"न आठवायला काय झालं? सात हात. सगळे डावे."

पंचनाम्यांनी सगळ्यांवरून विजयी नजर फिरवली. "ऐकलंत? आता सांग ह्यांना, आपण दोघांनी पाहिला की नाही?"

"दोघांनी?" ताई हसायलाच लागली. "अरे छोट्या, तू कुठं पाहिलास? पहिल्या किंकाळीला माझ्या पाठीत तोंड खुपसलंस ते शेवटपर्यंत काढलं नाहीस! 'ताई, काय झालं, ताई, आता काय झालं' करून माझा जीव खाल्लास. मीच सांगत होते तुला सगळं. वर माझ्या फ्रॉकला तुझा शेंबूड लागला म्हणून आई मलाच ओरडली!"

मागच्या रांगेतून ड्रायव्हरचा आवाज आला, "म्हणजे ऐकलंत, साहेब."

पंचनामे मटकन खाली बसले. ताईचं खरं होतं. त्या पावणेदोन तासांत त्यांच्या डोळ्यांनी पाहिलेली एकुलती एक गोष्ट आता त्यांना लख्ख आठवली. निळ्या फ्रॉकची पाठ, आणि तिच्यावरचं एक लोंबतं बटण. बाकीचा सगळा सिनेमा कानातून आत गेला होता. चाळीस-पंचेचाळीस वर्षं ते शपथेवर खोटी साक्ष देत आले होते, आणि तीही किती मन लावून!

"पण मग ताईंनी तर पाहिलाय ना?" मॅनेजर साहेबांना आता राहवेना. "त्या म्हणतात सात हात, म्हणजे विहीर पुढे असणार. ताई, तुम्ही येऊ शकाल का हो?"

ताई मागच्याच गल्लीत राहायची. तीस वर्षं बालवाडी चालवलेली बाई, ती दहा मिनिटांत चपला फटाफटा वाजवत हजर झाली. तिने खोलीवर एक नजर टाकली, ड्रायव्हरला टेबलावरून पाय खाली घ्यायला लावले, मॅनेजर साहेबांना 'जरा सरका' म्हणाली आणि भावाशेजारी बसली. सिनेमा पुन्हा सुरू झाला, आणि पहिल्याच चित्राला कोणीतरी खिदळलं.

"हे बघा," ताई ठणकावून म्हणाली, "असा बघायचा नसतो तो. डोळे मिटा सगळ्यांनी."

"अहो, पण सिनेमा..."

"मिटा म्हटलं ना! हाताची घडी. मी सांगते."

तीस वर्षांचा आवाज तो. सगळ्यांनी मुकाट्याने डोळे मिटले. पंचनाम्यांनीही मिटले. मग संगीत कण्हायला लागलं आणि ताई सुरू झाली. "घरात कोणी नाहीये. तरी माडीवर कोणीतरी चालतंय. एक पाय टाकतंय... आणि एक ओढतंय." खोली गार पडल्यासारखी झाली. रेकॉर्डवाल्या बाईंनी शेजारचा दंड पकडला, तो मॅनेजर साहेबांचा निघाला, आणि साहेबांनी तो सोडवून घेतला नाही.

आयुष्यात पहिल्यांदाच पंचनाम्यांना वाटलं, आता बघावं. त्यांनी एक डोळा किलकिला केला आणि आधी ताईकडे पाहिलं. ताईने डोळे गच्च मिटलेले होते. गाल थरथरत होते.

"ताई," ते तिच्या कानाशी लागले, "तूसुद्धा डोळे मिटलेस?"

"गप रे," ती ओठ न हलवता पुटपुटली. "तेव्हाही मिटलेलेच होते."

"काय? मग ते सात हात?"

"तू माझा फ्रॉक इतका घट्ट धरला होतास! 'काय झालं, काय झालं' विचारत होतास. काहीतरी सांगायला नको? आणि खरं सांगू, तू घाबरलास की मला बरं वाटायचं. मग मी एकटी घाबरलेली नसायचे. आता बोलू नकोस, विहीर यायचीय."

पंचनाम्यांचे डोळे भरून आले. या बाईने नऊ वर्षांची असताना, डोळे मिटून, भीतीने थरथरत, त्यांच्यासाठी एक अख्खा सिनेमा काढला होता. त्यांनी तिचा हात हातात घेतला, आणि मग समोर पाहिलं.

विहीर नव्हती. संगीत असं विव्हळत होतं की अंगावर काटा यावा, आणि पडद्यावर एक जाडा माणूस पलंगाखाली चप्पल शोधत होता. बराच वेळ शोधत होता. बहुतेक त्या लोकांकडे भीतीचा तेवढा एकच तुकडा होता, आणि तो ते सगळीकडे वाजवत होते.

"पहिला हात वर आला," ताई म्हणाली. "डावा."

जाड्याला एक चप्पल सापडली.

"सहावा. आणि आता... आता सातवा."

"आई गं!" मॅनेजर साहेबांच्या तोंडून निघालं. जाड्याने दोन्ही चपला पायात घातल्या आणि तो चहा प्यायला निघून गेला. पंचनाम्यांनी मागे वळून पाहिलं. अख्खं ऑफिस डोळे घट्ट मिटून बसलं होतं, ड्रायव्हरने तर ताडपत्रीचं टोक तोंडावर ओढलं होतं. त्या सगळ्यांत उघड्या डोळ्यांचा साक्षीदार एकच होता, आणि त्याने शेवटपर्यंत सिनेमा पाहिला.

सोमवारी सकाळी मॅनेजर साहेबांच्या केबिनमध्ये गर्दी झाली होती. वखारीची फाईल टेबलावर उघडी होती, साहेबांच्या हातात पेन होतं, पण चर्चा विहिरीचीच चालली होती.

"काय सीन घेतलाय हो!" साहेब म्हणाले. "पंचनामे, मी तुमच्यावर उगाच शंका घेतली."

पंचनामे घसा खाकरून म्हणाले, "साहेब, खरं सांगायचं तर विहीर नव्हतीच. मी पाहिलं ना. एक माणूस चप्पल शोधत होता."

साहेबांनी कागदावर टेकवलेलं पेन उचललं.

"चप्पल?"

"हो. पलंगाखाली. तुम्ही सगळ्यांनी डोळे..."

"काहीतरीच काय!" रेकॉर्डवाल्या बाई उसळल्या. "मी बोटांच्या फटीतून बघत होते. सात हात होते, स्वच्छ दिसले मला."

"मीही बघत होतो," साहेब घाईघाईने म्हणाले. "मी कशाला डोळे मिटेन? दंगा नको म्हणून नुसते खाली केले होते." ते फाईलकडे आणि मग पंचनाम्यांकडे काळजीने पाहायला लागले. "पंचनामे, तुमची तब्येत वगैरे बरी आहे ना? एवढी विहीर तुम्हाला दिसली नाही, म्हणजे... मला वाटतं, त्या वखारीची एकदा फेरपाहणी करून घेऊ या का? तुम्ही वाईट वाटून घेऊ नका."

पंचनाम्यांनी फाईलकडे पाहिलं. त्यात एक अक्षर खोटं नव्हतं. तीन दिवस राख चाळली होती त्यांनी, खिळा न् खिळा मोजला होता. त्यांनी डोळे मिटले. निळं कापड दिसलं, लोंबतं बटण दिसलं, आणि मग काळ्या पाण्यातून एकेक करून वर आले, अगदी मोजून घ्यावेत इतके स्पष्ट.

"सात," ते म्हणाले. "सातही डावे. मी गंमत करत होतो."

"मोजलेत ना?"

"मोजले."

साहेबांनी हुश्श केलं आणि पेन टेकवलं. तेवढ्यात दारातून ड्रायव्हर म्हणाला, "सात कुठले, साहेब? आठ होते. मी नीट पाहिलंय."

पेन पुन्हा उचललं गेलं. सगळ्यांनी पंचनाम्यांकडे पाहिलं.

"आठवा नव्हता तो," पंचनामे शांतपणे म्हणाले. "पहिलाच पुन्हा वर आला होता. त्याच्या करंगळीचं नख तुटलेलं होतं, त्यावरून मी ओळखला."

"वा!" म्हणत साहेबांनी झोकात सही ठोकली. "ह्याला म्हणतात पाहणं."