जनरेटरचं गाऱ्हाणं

दुपारी लाइट गेली. शिरोड्याच्या त्या छोट्या बर्फाच्या फॅक्टरीत मशीन थांबलं की समुद्र ऐकू येई, आणि वर्षालीला नेमकं तेच नको होतं. मुंबईहून येऊन, वडलांचं, सहदेवभाऊंचं, बारावं उरकून तिने आजच फॅक्टरी उघडली होती. डब्यांतल्या लाद्या अजून पुरत्या धरल्या नव्हत्या, आणि दारात सुभद्रा टेम्पोभर बांगडे घेऊन बर्फासाठी खोळंबली होती.

"घाबरू नको गो," भाऊंचा जुना गडी लवू म्हणाला. "जनरेटर आसा मा."

जनरेटर होता. डिझेलच्या धुराला कंटाळून भाऊंनी हौसेने आणलेला, गॅस सिलिंडरवर चालणारा. वर्षालीने कॉक उघडला आणि लगेच बटण दाबलं. जनरेटर खाकरला नि गप्प बसला. गॅस गळेल या धास्तीने तिने कॉक बंद केला, पुन्हा उघडला, पुन्हा दाबलं. असं करता करता खाकरणंही थांबलं.

"बॅटरी बसली," लवू म्हणाला, आणि कुणी काही बोलायच्या आत त्याने सुभद्राच्या टेम्पोची बॅटरी काढून आणून जनरेटरला जोडली.

"अरे मेल्या! आता माझो टेम्पो काय तू ढकलतलंस?"

वर्षालीने कोल्हापूरच्या मेकॅनिकला फोन लावला.

"मॅडम, कॉक उघडल्यावर साहेब काय करायचे?"

तिने लवूकडे पाहिलं.

"गाऱ्हाणा घालीत."

"देवाला गाऱ्हाणं घालायचे, म्हणतोय."

मेकॅनिकने विचारलं, "लांबलचक असायचं का?"

लवूने दोन्ही हात पसरले.

"मग बरोबर आहे. तेवढ्यात गॅस नळीतून इंजिनापर्यंत पोचायचा. तुम्ही नुसतं थांबा, मॅडम."

वर्षालीने कॉक उघडला आणि नुसती थांबली. लवू मात्र बटणासमोर हात आडवा धरून उभा राहिला.

"गाऱ्हाण्याशिवाय नाय."

"मग तू घाल."

"मी 'होय महाराजा' म्हणणारो. गाऱ्हाणा मालकान घालूक होया."

मालक. वर्षालीने मागे वळून पाहिलं. मागे कोणी नव्हतं.

लवू सांगत गेला, ती म्हणत गेली. "बा देवा महाराजा, आज ह्यो जनरेटर तुझ्या नावान सुरू करतंव..."

"होय महाराजा!" सुभद्राने भांडण बाजूला ठेवून साथ दिली.

"होड्यांक मासो गावांदे, लाद्यो घट्ट होवंदे..."

"होय महाराजा!"

"आता शेवटचा," लवूचा आवाज उतरला. "'माझा चेडू थंय मुंबयत एकटा आसा, तेका सांभाळ.' दर खेपेक म्हणीत भाऊ, तुझ्यासाठी."

आणि लाइट आली. ट्यूब फडफडली, मशीन घरघरू लागलं, समुद्र ऐकू येईनासा झाला. सुभद्राने एकदा ट्यूबकडे पाहिलं, एकदा वर्षालीकडे. जागचं कोणी हललं नाही. गाऱ्हाणं अर्ध्यावर टाकत नाहीत.

"चेडू," वर्षाली म्हणाली. तिने हात जोडले. "चेडू आता हंय शिरोड्यात एकटा आसा. तेका सांभाळ रे महाराजा."

"होय महाराजा!"

तिने बटण दाबलं. जनरेटर पहिल्याच झटक्यात सुरू झाला.

"आता कित्याक गो? लाइट इली मा!" लवूने विचारलं.

"चालू ऱ्हवांदे वाईच," वर्षाली पायरीवर बसत म्हणाली.

"ऱ्हवांदे, ऱ्हवांदे," सुभद्रा पदर खोचत म्हणाली आणि तिच्या शेजारी पायरीवर बसली. "माझी बॅटरी तुमच्याकडेच आसा. माका तरी खंय जावचा आसा!"