रस्सीखेचीसाठी नोकरभरती

"यंदा मेसवाल्यांना असं खेचतो, की त्यांच्या चपला तिकडे राहतील आणि माणसं इकडे येतील!" सीईओने जाहीर केलं.

हा काही खरा सीईओ नव्हे. मॅनेजमेंट शिकायला आला तेव्हा पहिल्याच दिवशी ओळख करून देताना म्हणाला, "पाच वर्षांत मी सीईओ!" आणि बसताना त्याची खुर्ची चुकली. नाव चिकटलं ते चिकटलंच. आता दोन वर्षं संपत आली होती. परीक्षा झाल्या होत्या, नोकऱ्या लागल्या होत्या, वह्या रद्दीत गेल्या होत्या. उरले होते पाच दिवस आणि एक रस्सीखेच.

त्या कॉलेजात तसा रिवाजच होता. निरोपाच्या जेवणाआधी मैदानात दोर टाकायचा. एका टोकाला बारा विद्यार्थी, दुसऱ्या टोकाला कॉलेजचे बारा कर्मचारी. जे हरतील त्यांनी जेवणानंतरची सगळी भांडी घासायची. आणि भांडी म्हणजे साधीसुधी नव्हेत हं! सुपाचं पातेलं एवढं खोल, की एका वर्षी तळ घासायला उतरलेला विद्यार्थी वर आला तेव्हा पुढच्या बॅचचे वर्ग सुरू झाले होते. खोटं वाटत असेल तर पातेल्याला विचारा.

विद्यार्थी जिंकले, तर त्यांच्या कप्तानाचं नाव मेसमधल्या पितळी पाटीवर कोरलं जाणार होतं. सतरा वर्षं ती पाटी कोरी होती. मेसवाल्या मावशी ती रोज लख्ख पुसत, त्यामुळे पोरं तिच्यात बघून भांग पाडत. सीईओला दोन वर्षांत साधं उत्तेजनार्थ बक्षीसही मिळालं नव्हतं. त्यात तो आईला फोनवर सांगून बसला होता, "रविवारी ये. पाटीवर माझं नाव बघायला!"

आता समोरचा संघ बघा. माळीकाका रोज उठून झाडांची मुळं उपटणारे. वॉचमनकाकांनी एकदा बंद पडलेली बस एकट्याने फाटकाबाहेर ढकलली होती, आत ड्रायव्हर घोरत असताना. लायब्ररीबाई पुस्तकांनी भरलेलं कपाट नुसत्या खांद्याने सरकवत. आणि कप्तान मावशी! उंचीला चार वीत, पण डोकं असं, की गहाळ झालेला चमचा पोराच्या चेहऱ्यावरून शोधायच्या.

सीईओने नियमांची जुनी वही उकरून काढली. तीत लिहिलं होतं : "खेळाडूने कोणत्याही बाजूने नाव द्यावे. नोंद शनिवारी संध्याकाळपर्यंत." कधीकाळी विद्यार्थी कमी पडले होते, तेव्हाचा नियम.

सीईओ उडालाच! काडेपेटीकडे धावत गेला. काडेपेटी म्हणजे त्याची वर्गमैत्रीण, अंगाने काडी आणि डोक्याने पेट्रोल.

"अगं, स्पर्धकाला हरवायचं कशाला? त्याची माणसंच फोडायची!"

"आणि मग आपण काय करायचं?"

"ते नंतर बघू. आधी गुप्तता!"

बुधवारी त्याने माळीकाकांना गाठलं. "काका, तुम्ही आमच्याकडून खेचा. आमची अख्खी बॅच जाईपर्यंत हिरवळीवर पाय ठेवणार नाही."

माळीकाकांचे डोळे भरून आले. "कोपऱ्यातूनसुद्धा नाही?"

"कोपऱ्यातूनसुद्धा नाही."

"मावशींना विचारून सांगतो."

लायब्ररीबाईंना त्याने सगळी थकलेली पुस्तकं परत आणून देण्याचं वचन दिलं. "चहाच्या डागांसकट का असेनात, पण आण रे बाबा," बाई म्हणाल्या. "मावशींना विचारते आणि कळवते." वॉचमनकाकांना मुलीच्या नोकरीचा अर्ज झकास लिहून हवा होता. तेही म्हणाले, "मावशींच्या कानावर घालतो."

इथे एखाद्या शहाण्या माणसाचे कान टवकारले असते. पण सीईओला वाटलं, वा! काय ही शिस्त! राजीनामासुद्धा वरिष्ठांना विचारून देतात!

संध्याकाळपर्यंत तिघांचेही होकार आले. पण संघात जागा बाराच. एक माणूस आत घ्यायचा, तर एक बाहेर काढायला नको? सीईओने सामानाचं वजन करायचा काटा आणला, झाडाला बांधला आणि सगळ्यांना एकेक करून खेचायला लावलं. पोरांमध्ये डबलबेडचा आकडा सगळ्यांत मोठा आला. डबलबेड म्हणजे वर्गातला सगळ्यांत रुंद गडी. त्याला फोटोत घ्यायचं तर फोटोग्राफरला रस्ता ओलांडावा लागे. पण मेसमध्ये कणीक मळणाऱ्या काकूंनी काटाच उपटून हातात दिला. झालं! डबलबेडसुद्धा काकूंपुढे फिका, मग पोरं हवीत कशाला?

"डबल्या, एक बोलायचं होतं," सीईओ म्हणाला.

"मला काढलंस?"

"छे छे! तुला मोकळं केलंय."

"कशासाठी?"

"नव्या संधीसाठी."

"रविवारी चार वाजता कसली रे नवी संधी?"

त्यावर सीईओने फक्त त्याचा खांदा थोपटला. मॅनेजमेंटच्या पुस्तकात तसंच लिहिलं होतं.

गुरुवारी कर्मचाऱ्यांचे आणखी होकार आले आणि चार पोरं मोकळी झाली, शुक्रवारी पाच. शनिवारी काडेपेटीची पाळी आली.

"मला? दोन वर्षं तुझे सगळे प्रोजेक्ट कोणी केले?"

"म्हणूनच म्हणतो, तू दमली असशील."

काडेपेटी पेटली नाही. नुसती हसली. आता मला सांगा, पेट्रोल हसलं तर माणसाने पळावं की नाही? हा उभाच!

रविवारी चार वाजता मैदान भरलं. आई पहिल्या रांगेत, पर्समधला फोन बाहेर काढून सज्ज. सीईओ आपल्या अकरा कर्मचाऱ्यांसमोर छाती काढून उभा राहिला. मग त्याने दोराच्या दुसऱ्या टोकाकडे पाहिलं आणि छाती जिथली तिथे गेली. तिकडे मावशी उभ्या होत्या. त्यांच्या मागे डबलबेड. त्याच्या मागे काडेपेटी. आणि तिच्या मागे बाकीचे नऊ!

"अरे, तुम्ही तिकडे कसे?"

"नवी संधी!" डबलबेड ओरडला.

"पोरं मोकळीच बसली होती," मावशी म्हणाल्या. "म्हटलं, या. उपाशी नाही ठेवणार."

संचालकसाहेबांनी शिट्टी वाजवली. ती वाजून संपायच्या आत खेळ संपला! माळीकाकांनी दोर असा उपटला, की पलीकडचे बारा जण तर आलेच, शिवाय मैदानाची कड चार बोटं इकडे सरकली. ती आजही तशीच आहे. सीईओला तर ओढायची वेळच आली नाही. दोरानेच त्याला मागे नेऊन बसवलं. त्याचे मित्र एकमेकांवर ढीग होऊन पडले होते आणि पोट धरधरून हसत होते.

"मावशी, तुम्ही हरलात!" सीईओने उठून आरोळी ठोकली.

"कोण हरलं?" मावशींनी पदर झटकला. "माळी जिंकला, वॉचमन जिंकला, लायब्ररी जिंकली. माझी अकराच्या अकरा माणसं जिंकली! आणि भांडी कोण घासणार? विद्यार्थी. अठरावं वर्ष!"

पाटीवर नाव कोरलं गेलं, त्यात काही खोटं नाही. सीईओ विजेत्यांच्या टेबलावर मधोमध बसला. डाव्या बाजूला गांडूळखताची चर्चा, उजव्या बाजूला वॉचमनकाकांचे गुडघे. मागच्या मोरीतून मात्र पातेल्यांवर ताल धरल्याचे आवाज येत होते. बेसूर गाणी, किंकाळ्या आणि हास्याचे धबधबे. उद्या सकाळी सगळे बारा दिशांना पांगणार होते. त्याने समोरची केकची बशी बाजूला सारली.

"तुझे मित्र कुठे आहेत रे?" आईने विचारलं.

सीईओ उठला आणि मोरीच्या दारात जाऊन उभा राहिला. काडेपेटी पालथ्या घातलेल्या टबावर बसून ताटं विसळत होती. तिने मान वर केली.

"जागा भरल्यात. तरी अर्ज करायचा असेल तर करा. अनुभव?"

"अगं, येऊ दे ना..."

"भांड्यांचा अनुभव विचारला मी."

"काही नाही."

"तुमची जमेची बाजू?"

सीईओने बुटांकडे पाहिलं. "मी चुकलो. जिंकायच्या नादात ज्यांच्याबरोबर जिंकायचं होतं, त्यांनाच घालवून बसलो."

काडेपेटीने हातातलं ताट खाली ठेवलं.

"ही काही जमेची बाजू नव्हे," काडेपेटी म्हणाली. तिचा आवाज जरा ओला झाला होता, पण ते साबणामुळेही असेल. "तरी चालेल."

"घे गं त्याला!" पातेल्याच्या आतून डबलबेड घुमला. "तळ एकट्याने आटपत नाहीये!"

सीईओने बाह्या सरसावल्या आणि उडीच मारली. मग काय विचारता! फेस छतापर्यंत गेला.

थोड्या वेळाने काठावरून आईचा चेहरा डोकावला. फोनचा फ्लॅश चमकला.

"आई, पाटीचा फोटो काढलास ना?"

"पाटी कुठे पळून जातेय? तू भांडी घासतोयस, हे आधी तुझ्या बाबांना दाखवते!"

फोटो गेला. बाबांचं उत्तर मिनिटभरात आलं.

"पोरगा गुणी दिसतो. कोणाचा?"