चोवीस तासांचा नियम

कुणी काही मागितले की भावेशच्या तोंडून आपोआप 'हो' निघायचे. ऐन केळीची गाडी भरायच्या दिवशी त्याने ट्रॅक्टर मामांना देऊन टाकला होता. एकाच मुहूर्तावरच्या दोन लग्नांत नवरदेवाची गाडी चालवायचे कबूल केले होते. दोन्ही मांडवांतून शिव्या खाल्ल्यावर त्याने कागदावर तीन नियम लिहिले आणि कपाटाच्या दाराला आतून चिकटवले. चोवीस तास गेल्याशिवाय कशालाही हो म्हणायचे नाही. विचारले तर खरेच सांगायचे. काहीही झाले तरी नियम मोडायचा नाही.

चौथ्याच दिवशी त्याचे वडील दगाआप्पा त्याला मुलगी बघायला धानोऱ्याला घेऊन गेले.

मुलगी भाविका नंदुरबारला एका लॅबमध्ये रक्त तपासायची. दोघांना बोलायला गच्चीवर पाठवले.

"मोबाइलवर कितला येळ जास तुमना?" तिने विचारले.

"चार घंटा," भावेशने खरे ते सांगितले.

"इतला येळ काय देखतस?"

"चिखलमा फसेल ट्रॅक्टर काढतस ना, त्या व्हिडिओ."

ती इतकी हसली की तिला कठड्याला धरावे लागले. जिना उतरेपर्यंत भावेशच्या मनात सगळे पक्के झाले होते.

खाली तिचे वडील भिलातात्या पेढ्यांचे ताट घेऊनच उभे होते. "मंग भावेशभाऊ, पोर पसंद शे ना?"

'हो' गळ्यापर्यंत आले. भावेशने ते गिळले. घड्याळात पावणेपाच झाले होते, म्हणजे उत्तर उद्या याच वेळी.

"सकाय सांगसू. पावणेपाचले."

ताट हवेतच थांबले. दगाआप्पा घाईने म्हणाले, "त्यानं होच शे, तात्या. लाजी ऱ्हायना तो."

"नही आप्पा. सकाय."

भाविकाची आत्या तापीबाई पुढे सरकली. "पोरमा काय कमी दिसनी तुले?"

"काहीच नही."

"मंग?"

"नियम शे मन्हा."

"नियम?" भिलातात्यांचा आवाज चढला. "म्हणजे देण्याघेण्याना का? आम्हना घरमा असला नियम चालत नही!"

"तसं नही, तात्या..."

"दुसरी पोर देखेल शे का?" तापीबाईने डोळे बारीक केले.

 भावेशला खरे सांगायचा दुसरा नियम आडवा आला. "हो. शहादाले देखनी व्हती."

"आनि?"

"तिनी नही म्हनं."

पेढ्यांचे ताट जसेच्या तसे आत गेले.  घरी परतताना प्रकाशा गावाजवळचा पूल ओलांडल्यावर दगाआप्पा म्हणाले, "डोकं फिरनं का तुन्हं?"

भावेशला जेवण गेले नाही. एव्हाना भाविकाच्या घरच्यांनी दुसरे स्थळ बघितले असेल का, हाच विचार डोक्यात फिरत होता. दुसऱ्या दिवशी दुपारपासून तो केळीच्या बागेत रेंज शोधत फिरत होता. दगाआप्पा बांधावरून लांबूनच बघत होते. पावणेपाचला त्याने भिलातात्यांचा नंबर लावला.

फोन भाविकाने उचलला.

"माले पसंद शे," भावेश एका दमात म्हणाला. "हो. पक्कं हो."

"बरं."

"तात्या रागमा शेत का?"

"कालदिन व्हतात. मी त्यास्ले समजाडं. इचार करीसन बोलनारा मानूस कोठे भेटस?"

भावेशच्या जिवात जीव आला. "मंग तुमनं काय?"

"मी काल जिना उतरतानाच हो म्हननार व्हती," ती म्हणाली. "पन रातले इचार करा. तुमना नियम माले भलता आवडी गया."

"म्हणजे?"

"सकाय सांगसू. पावणेपाचले."

फोन बंद झाला. बांधावरून दगाआप्पांची हाक आली, "काय म्हननी रे?"

"इचार करी ऱ्हायनी!" भावेश ओरडला.

दगाआप्पा होते तिथेच मटकन बांधावर बसले.