हिम्मतरावांचं रक्त

नाव हिम्मतराव असलं, तरी विद्यानगरच्या हिम्मतराव सोळंक्यांना सुईची भयंकर भीती वाटे. रेल्वेतल्या चौतीस वर्षांत त्यांनी भल्याभल्या साहेबांना तोंडावर उत्तरं दिली होती. पण दंडाला रबर बांधलं की त्यांना घेरी येई.

त्यांच्या उजव्या डोळ्यात एक विषाणू ठाण मांडून बसला होता. तो पुन्हा उसळू नये म्हणून डॉक्टर अप्पारावांनी वर्षभर रोज दोन गोळ्या सांगितल्या, आणि दर तीन महिन्यांनी रक्ततपासणी.

"गोळी डोळ्याची, मग रक्त कायकू?" हिम्मतरावांनी विचारलं.

"गोळी मूत्रपिंडातून बाहेर जाते. धडधाकट तरणा माणूस असता तर मी मागेच लागलो नसतो. तुम्ही चौसष्ट वर्षांचे, बघून ठेवू." डॉक्टर तेलुगू, पण नांदेडला नोकरी केल्यामुळे मराठी चांगलं बोलत.

दोन दिवस हिम्मतरावांना जेवण गेलं नाही. तिसऱ्या दिवशी तोड सुचली.

"तारा, तूच दे की रक्त."

"गोळी तुम्ही खाणार आन् रक्त माझं?"

"छत्तीस वर्षं एकाच हंडीतलं खातोय. रक्त काय येगळं असणार? चिठ्ठीवर नुसतं एच. सोळंके लिहिलंय."

तारामतीबाई हसल्या. नवऱ्याचा उतरलेला चेहरा त्यांना कधी बघवला नव्हता. जवळच्याच हिमायतनगरात नुकत्याच एसीच्या लॅबा उघडू लागल्या होत्या. तिथल्या मुलीनं "सोळंके!" म्हणून हाक मारली, बाईंनी हात पुढे केला, आणि कंप्युटरवर छापलेला रुबाबदार कागद घरी आला.

"पुरुषाच्या मानानं मूत्रपिंड ठीक," डॉक्टर म्हणाले. "पण अंगात रक्त कमी हो! बीट खा, खजूर खा, गूळ-शेंगदाण्याचे लाडू खा."

हिम्मतरावांनी आज्ञा शिरसावंद्य मानली. तारामतीबाई लाडू वळत, हिम्मतराव खात. तीन महिन्यांनी रक्त आणखी कमी भरलं. मग टॉनिकची बाटली आली. तीही हिम्मतरावांनी निष्ठेनं रिचवली. त्यांचे गाल वर आले, पँटचं बटण तुटलं. कागदावर मात्र ते वाळत चालले.

"लाडू खाता ना?"

"दिवसाला चार!"

डॉक्टर डोकं खाजवू लागले. खाणारा एक आणि तपासला जाणारा दुसराच, हे त्यांना कोण सांगणार?

"तूबी खा की एखादा," हिम्मतराव घरी कधीमधी म्हणत.

"नक्को. तुमच्या औषधाचे हायेत ते."

चौथा कागद पाहून डॉक्टरांनी चष्मा काढला. "गोळी आजपासून बंद. मूत्रपिंडं निम्मंसुद्धा काम करेनात. पाय सुजतात? मळमळ होते?"

"छे हो! मी तर घोड्यासारखा..." हसता हसता हिम्मतराव थांबले. तारामतीबाईंनी गेल्या महिन्यात चपला बदलल्या होत्या. जुन्या पायांत शिरेनात. उन्हानं चामडं आकसलं असेल, असं निदान हिम्मतरावांनीच केलं होतं.

"डाक्टरसाब," ते हळूच म्हणाले, "हे रक्त माझं नाही."

सगळं ऐकून डॉक्टर रागावले नाहीत. ते रागावले असते तर हिम्मतरावांना बरं वाटलं असतं.

दुसऱ्या दिवशी दोघं लॅबमध्ये गेले. हिम्मतरावांच्या दंडात सुई कधी गेली ते त्यांना कळलंच नाही. ते बायकोच्या पायांकडे बघत होते.

त्यांचा रिपोर्ट लख्ख आला. "तुमचं तपासलं नसतं तरी काही बिघडलं नसतं," डॉक्टर म्हणाले. मग तारामतीबाईंकडे वळताना त्यांचा आवाज उतरला. "अम्मा, बाईच्या मानानं तो आकडा पहिल्यापासूनच वाईट होता. रक्तही मूत्रपिंडं बिघडल्यानंच कमी होत होतं. वर्षभर तुमचा कागद मी यांचा म्हणून वाचला."

संध्याकाळी हिम्मतरावांनी लाडवांचा डबा बायकोपुढे ठेवला.

"खा, तारा. आता समदे तुझे."

तारामतीबाईंनी पदरात जपून ठेवलेली डॉक्टरांची, मूत्रपिंडाच्या पथ्याची चिठ्ठी उलगडली आणि शाळेतल्या मुलीसारखं बोट ठेवून वाचली. "खजूर बंद. बीट बंद. गूळ, शेंगदाणे बंद."

त्यांनी झाकण लावून डबा परत नवऱ्याकडे सरकवला.

"तुम्हीच खा," त्या म्हणाल्या. "तुम्हाला मानवतात."

हिम्मतराव डबा मांडीवर घेऊन बसून राहिले.