गाण्याचे पाय

गुरुवारी सकाळी पावणेसहाला शर्वरी चौगुले कपडे धुवायला टाकायला गेली, तेव्हा वॉशिंग मशीनवर एक गाणं बसलेलं होतं आणि त्याला फक्त मुखडा होता. मुखडा स्वच्छ होता. त्याखालचं अंग मात्र वाफेसारखं होतं. आहे एवढं कळत होतं, कुठे संपतं ते कळत नव्हतं.

ते आपलंच आहे हे शर्वरीला बघताक्षणी कळलं. लग्नाआधी ती गाणी लिहायची, चालीही स्वतःच लावायची. मिरजेला आल्यापासून अकरा वर्षांत एकही झालं नव्हतं. तिने कपडे बादलीत ठेवले आणि कधी आलंस म्हणून विचारलं. गाण्याला तेवढंच येत होतं, त्यामुळे त्याने आपल्या दोन ओळी म्हटल्या:

दुपार माझ्या दारी येते, पाणीही ती मागत नाही;
घरात असते मी पण माझा ठाव तिला गं लागत नाही.

ओळी चांगल्या होत्या. पण सात वाजता तिला लॅबमध्ये हजर व्हायचं होतं. उपाशीपोटी रक्त द्यायला आलेले लोक साडेसहापासूनच बाकावर बसलेले असतात आणि त्यांना चहाची घाई असते. "बस," ती गाण्याला म्हणाली, "मी दुपारी येते."

दुपारी ती आली. पण चार वर्षांच्या वेदला बालवाडीतून आणायचं होतं, चौथीतल्या जुईचा पाढा घ्यायचा होता, सासूबाईंच्या गुडघ्यांना तेल लावायचं होतं. गाणं मशीनवरच बसून राहिलं. संध्याकाळी तिचा नवरा विश्वजित दूध संघातून घरी आला. कपडे तसेच पडलेले पाहून त्याने गाणं उचललं आणि हॉलमध्ये दिवाणाच्या कोपऱ्यात नेऊन ठेवलं. वजन ओल्या टॉवेलाइतकंच असेल, असं त्याने सांगितलं. त्यावर घरात काही चर्चा झाली नाही.

सोळाव्या दिवशी सोसायटीचे सेक्रेटरी मगदूम रजिस्टर घेऊन आले. पंधरा दिवसांपेक्षा जास्त राहणाऱ्या पाहुण्याची नोंद करावी लागते. नावाच्या रकान्यात त्यांनी 'गाणे' लिहिलं, वयाच्या रकान्यात 'अपूर्ण'. मग नातं विचारलं.

"माझं आहे," शर्वरी म्हणाली.

मगदूमांनी थोडा विचार करून 'स्वतःचे' असं लिहिलं आणि तिची सही घेतली. जाताना ते म्हणाले की चेहरा चांगला आहे.

पहिला अंतरा व्हायला दोन महिने लागले. तो शर्वरीने लॅबमध्येच केला. दंडाला पट्टा बांधून शीर वर येण्याची वाट बघायची तेवढ्या वेळात एखादा शब्द सुचायचा. सुईनंतर कापूस दाबून धरायचा तेवढ्यात तो पक्का व्हायचा. रिकाम्या नळीवर चिकटवायच्या लेबलांच्या मागे ती लिहून ठेवायची. दसऱ्याच्या आदल्या दिवशी शेवटची ओळ जमली. घरी येऊन तिने गाण्याला अंतरा म्हणून दाखवला, तसे त्याला हात फुटले. चांगले लांब बोटांचे, कोपरापासून नीट वळणारे.

गाण्याने हात पुढे धरून उलटसुलट करून पाहिले. सासूबाई दिवाणाच्या दुसऱ्या टोकाला लसूण सोलत बसल्या होत्या. त्यांनी सुपातल्या निम्म्या पाकळ्या त्याच्यासमोर सारल्या. "नुसतं बसून काय करणार बाळ," त्या म्हणाल्या.

तिथून सुरुवात झाली. आठवड्याभरात गाणं मटार सोलू लागलं, कपड्यांच्या घड्या घालू लागलं, जुईच्या दोन वेण्या घालू लागलं. ते काम तर ते शर्वरीपेक्षा बरं करायचं. चालू शकत नव्हतं, पण ज्याला गरज असेल तो उचलून न्यायचा. सकाळी विश्वजित त्याला ओट्यावर बसवायचा आणि ते तिन्ही डबे भरून द्यायचं. दुपारी ते सासूबाईंचे गुडघे दाबायचं. वेद त्याच्या हातूनच जेवायचा आणि ताटात काही टाकायचा नाही.

शर्वरीला रोज पाऊण तास मोकळा मिळू लागला. दुसऱ्या अंतऱ्याला तेवढा पुरला असता. पण ती मोकळी आहे हे लोकांच्या लक्षात आलं. जुईच्या शाळेने तिला वर्गाची पालक प्रतिनिधी केलं. विश्वजितच्या बहिणीने शिवणाचा क्लास लावला आणि तिची मुलगी तीन ते पाच इकडे राहू लागली. शर्वरी एखाद दिवशी वही काढून गाण्याजवळ बसायची तर गाण्याच्या मांडीवर निवडायची मेथी असायची. मांडी अजून नीट झाली नव्हती, पण मेथी राहायची.

दिवाळीच्या आधी मगदूम काकूंनी फराळासाठी गाणं दोन दिवस मागून नेलं. शर्वरी लॅबमध्ये होती. सासूबाईंनी हो म्हटलं. शेजारधर्मात नाही कसं म्हणायचं?

गाणं परत आलं त्या संध्याकाळी जुई त्याच्यासमोर फणी घेऊन बसली आणि बराच वेळ बघत राहिली. मग स्वयंपाकघरात येऊन म्हणाली, "आई, गाण्याचं तोंड पुसट झालंय."

शर्वरीने हात पुसले, बाहेर येऊन गाण्यासमोर बसली आणि त्याला मुखडा म्हणायला सांगितला. ते म्हणालं, दुपार माझ्या दारी येते, पिशवी कधी मागत नाही. दुसरी ओळ त्याला आठवेना. आठवता आठवता त्याचे हात आपोआप शेजारची उशी उचलून अभ्रा चढवू लागले.

तिने उशी काढून घेतली. मग त्याला दोन्ही ओळी परत शिकवल्या, वेदला बडबडगीत शिकवायची तशा, पाच-सहा वेळा. 'पाणी' परत आलं. पण जिवणीचा डावा कोपरा काही नीट झाला नाही.

रात्रीच्या जेवणानंतर तिने विश्वजितला सांगितलं की दुसरा अंतरा आता करावाच लागेल. एक अख्खी दुपार लागेल, मध्ये कुणी हाक मारता कामा नये. विश्वजित वाईट माणूस नव्हता. त्याने नीट ऐकून घेतलं आणि विचारलं, "दुसऱ्या अंतऱ्याने त्याला पाय येणार ना?"

"येणार."

"मग ते जाणार."

"गाणं घरात बसवून ठेवायचं नसतं."

त्याने ओट्याकडे पाहिलं. "आणि सकाळचे डबे?"

"डबे आपले आहेत," शर्वरी म्हणाली. "त्याचे नाहीत."

विश्वजितने एवढंच सुचवलं की जुईची परीक्षा होईपर्यंत थांबता आलं तर बघ. मार्चपर्यंत. शर्वरीने गाण्याकडे पाहिलं. मार्चपर्यंत तो चेहरा टिकला नसता.

दुसऱ्या दिवशी तिने लॅबच्या डॉक्टरीणबाईंकडे शनिवारी अर्ध्या दिवसाच्या रजेचा अर्ज दिला. कारणाच्या जागी 'गाण्याचे पाय' असं लिहिलं. बाईंनी चष्मा लावून वाचलं आणि कुठला पाय म्हणून विचारलं. दोन्ही, असं तिने सांगितलं. दवाखान्यांच्या मिरजेत पायांसाठी रजा कुणी नाकारत नाही. बाईंनी सही केली.

शनिवारी साडेअकराला घरी येऊन तिने गाण्याला आतल्या खोलीत नेलं आणि दार लावलं. पहिल्या पाऊण तासात दार सहा वेळा वाजलं. सिलिंडरवाल्याला पुस्तक हवं होतं. वेदला आई आहे की नाही ते बघायचं होतं. सुटीवर असलेल्या विश्वजितने हिंगाची डबी विचारली आणि नंतर ती सापडल्याचं सांगायलाही तो आला. दर वेळी शर्वरी उठायची, परत बसायची आणि हातातला शब्द गेलेला असायचा. गाण्याने पलंगावरच्या चादरीच्या सुरकुत्या काढायला घेतल्या होत्या.

सातव्यांदा सासूबाईंनी दार ढकललं. तेलाची बाटली त्यांच्या हातात होती. गुडघे दुखत होते आणि थोडा वेळ गाणं मिळेल का, असं त्यांना विचारायचं होतं. पण त्या दारातच थांबल्या. गाण्याचा चेहरा उजेडाकडे होता. त्या बराच वेळ तिकडे पाहत राहिल्या.

"आमच्याकडं पण आलं होतं एक," त्या म्हणाल्या. "विश्वजित रांगत होता तवा. पाण्याच्या रांजणाशेजारी बसायचं."

शर्वरीने लेखणी खाली ठेवली. सासूबाईंनी याआधी हे कधी सांगितलं नव्हतं.

"हात होते?" तिने विचारलं.

"होते की. मी त्याला शेवया वळायला बसवलं. आठ वर्षं वळल्या त्यानं. एकदा सकाळी बघितलं तर परातीत शेवया होत्या, ते नव्हतं." त्यांनी बाटलीचं झाकण घट्ट केलं. "तोंड कसं होतं त्याचं, ते काही केल्या आठवत नाही गं."

त्यांनी बाहेरची प्लॅस्टिकची खुर्ची ओढून दारासमोर लावली, दार ओढून घेतलं आणि खुर्चीत बसल्या. त्यानंतर कुणी आत आलं नाही. बाहेर काय काय झालं ते शर्वरीला नंतर समजलं. विश्वजितची बहीण मुलीला सोडायला आली होती, तिला सासूबाईंनी आज क्लासला मुलीसकट जा म्हणून सांगितलं. मगदूम काकू चकल्या पाडायला हात मागायला आल्या होत्या. सासूबाई त्यांना म्हणाल्या की हात कामात आहेत. विश्वजितने वरणभात लावला. वेद खुर्चीखाली झोपून गेला.

आत पहिला तासभर काहीच सुचलं नाही. शर्वरीला आपण एक रजा वाया घालवली असं वाटू लागलं, मग थोडं रडू आलं. गाण्याने तिचे डोळे पुसायला पदर उचलला, तर तिने त्याचे हात धरून त्याच्याच मांडीवर ठेवले आणि आज काही करायचं नाही असं सांगितलं. ते तसं बसून राहिलं. हे त्याला जड गेलं, बोटं मधूनमधून हलायची. खिडकीतून ऊन आत आलं, पलंगावर चढलं आणि तिथेच थांबलं. तीनच्या सुमारास तिने न खोडता लिहिलं:

आज तिला मी बैस म्हणाले, घाई तिजला नव्हती काही;
कोण कुणाच्या घरी पाहुणी, दोघींनाही कळले नाही.

आणखी दोन ओळी पुढे आपणच आल्या. चाल आधीपासून ठरल्यासारखी होती. तिने एकदा हळू म्हणून पाहिलं, मग मोकळ्या गळ्याने म्हटलं. अकरा वर्षांत त्या घरात ती मोठ्याने गायली नव्हती, त्यामुळे बाहेर भांड्यांचा आवाज थांबला. गाणं पलंगावरून उतरलं. पायांचे दोन्ही तळवे फरशीवर नीट टेकले होते. जिवणीचा डावा कोपराही जागेवर आला होता.

शर्वरीने दार उघडलं. सासूबाई खुर्चीवरून उठल्या आणि त्यांनी खुर्ची बाजूला घेतली. गाणं हॉलमधून चालत गेलं. जुईने त्याला आपली वेणी दाखवली, ती तिने स्वतः घातली होती आणि एका बाजूला कलली होती. गाण्याने बघितलं, हात लावला नाही. विश्वजितने जेवून जा म्हटलं. गाण्याला भूक नव्हती. त्याने शर्वरीच्या खांद्यावर दोन्ही हात ठेवून क्षणभर तिच्याकडे पाहिलं आणि ते जिना उतरू लागलं. तिला वाईट वाटलं आणि हलकंही वाटलं. दोन्हीतलं आधी काय, ते तिला सांगता आलं नसतं. खालच्या मजल्यावर मगदूमांनी रजिस्टर उघडून जाण्याची वेळ लिहून घेतली.

तेवढ्यात सासूबाई कठड्याला धरत धरत, दुखऱ्या गुडघ्यांनी एक मजला उतरून त्याच्यामागे गेल्या. पाच मिनिटांनी तशाच धरत धरत वर आल्या. पायांत चपला नव्हत्या.

"अनवाणीच निघालं होतं," त्या म्हणाल्या. "माझ्या दिल्या. जरा सैल होत्यात त्याला, पण चालेल."